पाणी टोकाला पोचेपर्यंत

विटांचा महिना, दिवस ४

आजही काही ठरलं नाही. रांजण मात्र तळाला गेला.

गिरसागमध्ये सगळ्यात मोठा रांजण माझ्याकडे, म्हणून गावाची बैठक माझ्या अंगणात. हा आपला मान आहे, असं माझा नवरा म्हणायचा. तो गेला, मान राहिला, आणि मानाबरोबर जव भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, आंबवणं आणि शेवटी रांजण घासणंही माझ्याकडेच राहिलं. बैठकीची रीत आजोबा-पणजोबांपासूनची. एका घराला एक बोरूची नळी. सगळ्यांनी रांजणाभोवती बसायचं, नळ्या दारूत सोडायच्या आणि पीत पीत बोलायचं. ज्याला गोष्ट मान्य नसेल त्याने आपली नळी काढून मांडीवर ठेवायची. एक जरी नळी बाहेर आली, तरी तो विषय त्या दिवसापुरता मिटला. पिणं मात्र मिटत नाही. नळी परत आत जाते आणि गप्पा बकऱ्यांवर येतात.

विषय एकच आहे. यंदाच्या पुरात बुरानून नदीने अंग बदललं आणि आपल्या पाटाच्या तोंडाशी गाळाचा ढीग लावून गेली. गावाजवळच्या शेतांना अजून ओघळभर पाणी मिळतं. पाटाच्या टोकाला एगिदा वस्ती आहे, तिथे थेंब नाही. माझी धाकटी बहीण शाशा तिथे लुदिंगिरला दिलेली आहे.

उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. नदीच्या वरच्या अंगाला पाटाला नवं तोंड काढायचं. पण तो चर म्हाताऱ्या उरनिगारच्या खजुरीच्या बागेतून जातो.

"काका, कडेची थोडी झाडं जातील, एवढंच," शेशकल्ला म्हणाला. हा नदीतल्या नावांवर माल चढवणाऱ्यांचा मुकादम. गेल्या पुरात बांध फुटला तेव्हा यानेच माणसं उभी करून तो बुजवला होता.

"एवढंच?" उरनिगार म्हणाला. "माझ्या बापाने लावलीत ती. तुझ्या बापाने काय लावलं रे? नावांना डांबर."

सगळे हसले. शेशकल्लाही हसला. मग म्हाताऱ्याने नळी काढली, दाढीला पुसली आणि मांडीवर ठेवली.

मी रांजण घासायला घेतला.

विटांचा महिना, दिवस ९

शाशा गाढवावर बसून आली. येताना शेतातलं मातीचं ढेकूळ घेऊन आली. ते तिने माझ्या स्वच्छ चटईवर ठेवलं. वर पांढरं मीठ फुटलेलं.

"चाटून बघ," म्हणाली.

"तूच चाट. मी आत्ताच जेवले."

"ताई, थट्टा नको. पेरणीपर्यंत पाणी आलं नाही तर आम्ही दलदलीत जाणार. लुदिंगिरचा भाऊ गेलासुद्धा. तिथे मासे आहेत, बदकं आहेत, बोरूची झोपडी एका दिवसात उभी राहते."

"आणि ताप? तो किती दिवसांत उभा राहतो?"

आमची मावशी दलदलीत गेली होती. पहिल्या वर्षी तिने वाळवलेले मासे पाठवले. दुसऱ्या वर्षी काही आलं नाही, आणि तिसऱ्या वर्षापासून आम्ही तिच्या नावाने अन्न ठेवायला लागलो.

"तुमची बैठक काय करते गं?" तिने विचारलं.

"पिते," मी म्हणाले.

विटांचा महिना, दिवस १५

परत बैठक. या वेळी उरनिगारची नळी बाहेर यायच्या आधीच दुसऱ्यांच्या आल्या. खणलेला गाळ कुणाच्या बांधावर टाकायचा यावरून दोन सख्खे भाऊ भांडले. खणणाऱ्यांना जेवण कोण देणार हा पुढचा प्रश्न. ज्याच्या शेतासमोर खणतील त्याने द्यावं, असं एक जण म्हणाला. मग ज्यांच्या शेतासमोर खणायचं होतं ते सगळे म्हणाले की आमच्यासमोर खणायची गरजच नाही, आमचा पाट स्वच्छ आहे. आपापल्या शेतासमोरचा पाट आपण उपसायचा, ही आपली जुनी रीत. त्यामुळे प्रत्येकाच्या शेतासमोरचा पाट स्वच्छ आहे आणि पाट बुजलेला आहे.

हे मी बोलून दाखवलं. विधवेच्या घराचीही एक नळी असते, मला बोलता येतं.

"निनहेदू," उरनिगार म्हणाला, "आज दारू जरा पातळ झालीये का?"

दारूची देवी निनकासीची शपथ, त्याच्या डोक्यात गाळणी घालणार होते.

मी हे सगळं मातीच्या पाटीवर लिहिते आहे याचं कारण तेच. बाबा देवळाच्या कोठारात पाट्या लिहायचे, त्यांच्यामुळे मला अक्षरं आली. ओल्या मातीला तरी मधेच बोलता येत नाही.

विटांचा महिना, दिवस २२

आज ठरलं. आणि ठरवलं मी. 

बैठक नेहमीसारखी चालली होती. एगिदातून शाशाचा नवरा लुदिंगिर आणि आणखी दोघं आले होते. लुदिंगिर कधी बोलत नाही. आज एवढंच म्हणाला, "आम्ही घराचे वासे काढून ठेवलेत. न्यायला सोपं जाईल म्हणून." यावर कुणीतरी विचारलं, वासे कसले आहेत, चिनाराचे का? आणि मग चिनाराच्या वाशांवर चर्चा सुरू झाली!

मी उठून उभी राहिले. "बस करा. सगळ्यांनी आपापल्या नळ्या एकाच माणसाच्या हातात द्या. पाणी टोकाला पोचेपर्यंत तो सांगेल तसं. त्याने म्हटलं खणा की खणायचं, म्हटलं द्या की द्यायचं. पाणी पोचलं की ज्याची नळी त्याला परत."

नुसते दारू ओढल्याचे आवाज. मी एकेकाकडे बघत गेले. कुणाचीही नळी बाहेर आली नाही. उरनिगारचीसुद्धा! उलट तो जरा ताठ बसला, दाढी साफ केली आणि डोळे मिटून शांतपणे पीत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळ्यात वडीलधारा तो. त्याला वाटलं, नळ्या आपल्याच हाती येणार.

मी वेळ घालवला नाही. भराभर नळ्या गोळा केल्या, खजुरीच्या सुंभाने गठ्ठा बांधला आणि मगच विचारलं, "कुणाकडे द्यायच्या?"

"शेशकल्ला," लुदिंगिर म्हणाला.

"शेशकल्ला," बाकीचे म्हणाले.

उरनिगारचा हात मांडीकडे गेला. मांडीवर काही नव्हतं. रांजणात बघितलं. तिथेही काही नव्हतं.

"माझी नळी कुठाय?"

"गठ्ठ्यात आहे, काका."

शेशकल्ला मात्र घाबरला. "काकू, मला नावा हाकता येतात. माणसं नाही."

"माणसं नावेपेक्षा हलकी असतात. तोंडं तेवढी जास्त."

त्याने गठ्ठा दोन्ही हातांत धरला, जसं कुणी दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं. त्याला हाक काय मारायची यावर हसाहशी झाली. शेवटी कुणीतरी 'थोरला' म्हणालं. शेशकल्ला गावातला सगळ्यात बुटका माणूस आहे. लोक हसून हसून लोळले.

थोरला! तोही हसत हसत घरी गेला.

पेरणीच्या तयारीचा महिना, दिवस ३

खजुरी तोडल्या. उरनिगार एका पडलेल्या खोडावर दिवसभर बसून होता. ऊन आलं तरी हलला नाही. मी त्याला ताक नेऊन दिलं. त्याने घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"तुझ्या बापाला मी ओळखत होतो," एवढंच म्हणाला. त्याचा अर्थ काय लावायचा?

चर मात्र झपाट्याने पुढे जातो आहे. हे मान्य करायला हवं. जे एवढ्या बैठकांत झालं नाही ते शेशकल्ला सकाळी उठून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, "चला" म्हणून करतो.

पेरणीच्या तयारीचा महिना, दिवस ११

वाडग्यांचा वैताग.

खणणाऱ्यांना रोज जव मिळतं. प्रत्येक घरून वेगवेगळं भांडं यायचं, मग याचं मोठं, त्याचं लहान, रोज कटकट. शेशकल्लाने साच्यात दाबून वाडगे करून घेतले. सगळे एकसारखे. एक वाडगा म्हणजे एका माणसाचा दिवस. कटकट थांबली खरी, पण काय ते वाडगे! काठ वाकडे, अंग खरबरीत, ओलं काही ठेवलं तर पाझरतं. अशा भांड्यात मी बदकांनाही खायला घालणार नाही. आमची कुंभारीण काळ्या रेघांचे इतके सुरेख घडे करायची की पाणी ओतायला जीव धजत नसे. आता ती दिवसभर साच्यात माती दाबते.

"कंटाळा नाही का येत?" मी विचारलं.

"येतो की," ती म्हणाली. "पण वाडगाभर जव मिळतं. घडा विकला जाईल की नाही याची काळजी नाही."

मला माझा घडा हवा होता. म्हणाली, पाणी पोचल्यावर करीन.

आता सगळ्याच गोष्टी पाणी पोचल्यावर.

दिव्यांचा महिना, नवा चंद्र

पितरांसाठी दिवे लावले. नवऱ्यासाठी कांदा, भाकरी आणि नवी दारू ठेवली. त्याला सगळं सांगितलं. जिवंतपणीही तो फारसं काही बोलायचा नाही, त्यामुळे फार फरक जाणवला नाही.

त्याला सांगितलं ते इथेही लिहिते. सगळ्या घरांचं जव आता एका खोलीत आहे. शेशकल्लाने बांधून घेतली. घरोघरी फिरून गोळा करण्यात सकाळ जाते म्हणाला, आणि ते खरंच आहे. दाराला दोरी, दोरीच्या गाठीवर मातीचा गोळा, गोळ्यावर शिक्का. काल मला दारूसाठी जव हवं होतं. शिक्केवाला जेवायला गेला होता. मी उन्हात उभी. आत माझं स्वतःचं जव, बाहेर मी, मध्ये चिखलाचा एक गोळा.

"तोडून टाक की," मी खोलीजवळ बसलेल्याला म्हणाले. "बोटाने निघेल."

"निघेल की काकू," तो म्हणाला. "पण कसं तोडायचं?"

तोही हात लावेना, आणि खरं सांगायचं तर मीही लावला नाही. अर्धा दिवस उभी राहिले. अजून विचार करते आहे, का?

दिव्यांचा महिना, दिवस १९

वरच्या अंगाच्या कुशाद गावाची माणसं सोटे घेऊन आली. म्हणे, तुमचं नवं तोंड आमचं पाणी ओढतं. दोन डोकी फुटली, एक आपलं, एक त्यांचं. शेशकल्लाने धट्टीकट्टी माणसं निवडून पाटाच्या तोंडावर बसवली. ती खणत नाहीत. बसतात, सोटे घासतात आणि वाडगा घेतात. दोन वाडगे! जास्त का, तर डोकं फुटू शकतं म्हणून.

मी शेशकल्लाला बोलले. तो थकलेला दिसला, गाल आत गेलेत.

"काकू, यांना काढलं तर कुशादवाले चर बुजवतील. ठेवलं तर तुम्ही ओरडता. सांगा काय करू?"

"निदान दीड वाडगा कर," मी म्हणाले.

त्याने दीड केला. तो ऐकतो, हे मात्र खरं.

बैठक भरून बरेच दिवस झाले. भरवायची कशी, नळ्या त्याच्याकडे. अंगण झाडायला सोपं जातं. संध्याकाळी जरा मोकळं मोकळं वाटतं. त्या लोकांचा मला इतका वैताग यायचा की आठवण येईल असं वाटलं नव्हतं, आणि येतही नाही. फक्त उरनिगार दारू पातळ आहे म्हणायचा, ते कधीकधी कानात येतं.

इनान्नाच्या सणाचा महिना, दिवस ६

कुदळी मोडल्या म्हणून खणणं थांबलं. तांब्याच्या कुदळी आणायला नाव पाठवलीय, बदल्यात जव आणि लोकर. शाशाचा निरोप आला की लुदिंगिरने गाढवं मागून ठेवली आहेत. वासे अजून घरावर परत चढवलेले नाहीत.

मी शेशकल्लाच्या खोलीवर जाऊन आरडाओरडा केला. मोठ्याने. सगळ्यांसमोर. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, लाकडी कुदळींनी खणू, सगळे, मीसुद्धा. आणि खरंच उतरला चरात. त्याला बघून दुसरे उतरले. मग कुणीतरी हसत हसत उरनिगारला म्हणालं, "काका, तुमची झाडं तोडली, आता चर तरी पुरा करा." म्हातारा उठला आणि उतरला! कमरेत वाकून टोपल्या भरत होता.

मी बाजूला उभी होते. डोळ्यांत काहीतरी गेलं. वाऱ्याने धूळ फार उडते या दिवसांत.

पवित्र टेकडीचा महिना, दिवस १३

पोचलं!

मी एगिदात होते. आधी आवाज नाही, काही नाही. पाटाच्या कोरड्या तळाला भेगा, भेगांतून बेडकं बाहेर यायला लागली. त्यांना आधी कळलं. मग एक तपकिरी जीभ आली, पुढे फेस, काड्या, एक मेलेला उंदीर. इतकं घाणेरडं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. शाशा धावत जाऊन त्यात उभी राहिली. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. लुदिंगिर काठावर बसून ढसाढसा रडला. तो इतका आवाज करू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"ताई, ये ना!"

"माझे कपडे खराब होतील," मी म्हणाले, आणि गेले.

संध्याकाळी त्यांनी वासे चढवले. मी खालून धरले.

पवित्र टेकडीचा महिना, दिवस २०

आज नळ्या परत आणायला गेले होते. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वाटेल की मी काहीतरी वेगळं बोलले.

शेशकल्ला कोठाराच्या अंगणात बसला होता. त्याच्यासाठी कुणीतरी वेताचं आसन केलंय, कारण तो बुटका, गर्दीत दिसत नाही. मला बघून उठला. मला बसायला दिलं.

"पाणी पोचलं ना रे?"

"पोचलं काकू. तुमच्यामुळे."

"मग दे."

तो नाही म्हणाला असता तर सोपं झालं असतं. माझ्याकडे नाही म्हणणाऱ्यांसाठी शब्द भरपूर आहेत. पण त्याने गठ्ठा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. अजून माझीच गाठ होती. म्हणाला, "न्या. पण मला एक सांगा. कापणीनंतर पूर येणार. पुराबरोबर गाळ येणार. तेव्हा माणसं कोण बोलावणार?"

"बैठक."

"कुठली बैठक, काकू?"

मी काही बोलणार एवढ्यात शाशा आत आली. लुदिंगिर मागे, डोक्यावर कांद्यांची टोपली. शेशकल्लासाठी आणली होती. तिने गठ्ठा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं.

"ताई, हे कशाला?"

"ठरलं होतं. पाणी टोकाला पोचेपर्यंत."

"आणि पुढच्या वर्षी एक नळी बाहेर आली तर? परत वासे काढायचे? तू धरणार?"

"शाशा, ठरलं होतं गं."

"तुमचं ठरलं होतं. तुमच्या शेतात पाणी होतं." मग जरा हळू म्हणाली, "ताई, मी पोटुशी आहे. दलदलीत नको ना."

मी गठ्ठ्याला हात लावला नाही. शेशकल्लानेही लावला नाही. गठ्ठा आमच्यामध्ये तसाच पडून होता. शेवटी लुदिंगिरने टोपली ठेवायला जागा करावी म्हणून तो उचलला आणि आत कोठारात नेऊन ठेवला. शिक्केवाल्याने नेहमीप्रमाणे दाराला माती लावली.

मी घरी आले. शेशकल्ला बरोबर बोलत होता. शाशाही बरोबर बोलत होती. मी चूक काय बोलले, तेही मला सापडत नाही. याचा मला सगळ्यात जास्त वैताग येतो आहे. पूर येऊन जाऊ दे, पुरानंतर बघू.

नांगर सोडायचा महिना, दिवस ८

पेरणी. एगिदापर्यंत सगळं काळंभोर ओलं. वाईट बोलायला काही नाही.

कापणीचा महिना, दिवस २

असं पीक कुणी बघितलं नव्हतं. कोठाराला दुसरी खोली, दुसऱ्या खोलीला तिसरी. प्रत्येक घराने वाटा आणून टाकायचा, पुढच्या खणण्यासाठी. तक्रार कुणी करत नाही, कारण उरलेलंही भरपूर आहे.

शाशाला मुलगी झाली. नाव निनहेदू. एक निनहेदू या गावाला पुरे होती, असं मी म्हटलं. पण मूल धरल्यावर खाली ठेववेना.

कापणीचा महिना, दिवस १७

एवढं जव एका जागी आहे म्हटल्यावर कुशादवाल्यांची नजर येणारच. म्हणून गावाभोवती भिंत. आमचे लोक म्हणजे कसे, भिंत अजून गुडघ्याएवढी आहे, पण दार आधी बसवलं! भलंमोठं, लाकडी, बिजागरीच्या जागी दगड. बकऱ्या भिंतीवरून उड्या मारून जातात. माणसं दाराशी रांग लावतात. दाराशी ओटा आहे, ओट्यावर उरनिगार बसतो. शेशकल्लाने त्याला तिथे नेमलं. कुणी आलं की विचारायचं, कोण, कुणाची माणसं, आणि मगच आत सोडायचं. म्हाताऱ्याने दाढीला तेल लावलंय. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता.

आज कापणीवाल्यांना दारू देऊन, उरलेला घडा भिंतीवर काम करणाऱ्यांसाठी घेऊन मळ्याकडून येत होते. दुपार झालेली. रांगेत माझ्यापुढे शाशा. पाठीला मुलगी बांधलेली, गाढवावर जवाची पोती. तिने मला बघितलं नव्हतं.

"कोण?" उरनिगारने विचारलं.

"मी शाशा, काका. एगिदाची."

"कुणाची माणसं?"

मला वाटलं, ती म्हणेल लुदिंगिरची. किंवा निनहेदूची बहीण. म्हाताऱ्याने तिला रांगताना बघितलंय.

"थोरल्याची," शाशा म्हणाली. जराही न अडखळता. कुणी हसलं नाही.

"जा."

ती आत गेली. माझी पाळी आली.

"कोण?"

"अहो, डोळे फुटले का? आयुष्यभर माझ्या अंगणात फुकट प्यायलात!"

"ते खरं गं पोरी." तो मनापासून म्हणाला. "दारूही चांगली असायची. पण कोण? कुणाची माणसं?"

मागे रांग होती. मागचा माणूस म्हणाला, काकू, आटपा. भिंत माझ्या डाव्या हाताला, गुडघ्याएवढी. एक बकरी तिच्यावर उभी राहून रवंथ करत होती. पलीकडे पाय टाकला की माझं घर. पण डोक्यावर घडा होता, दारू कोमट होत चालली होती, आणि उरनिगार वाट बघत होता. रागाने नाही, अगदी प्रेमाने.

मी सांगितलं.

"जा," तो म्हणाला.